अस्थींचे जीवाश्मीभवन
सस्तन प्राण्याच्या मृत्यूपासून त्याची हाडे जीवाश्मरूपाने हाती येईपर्यंत त्यांत घडून येणाऱ्या भौतिक व रासायनिक बदलांना अस्थींचे जीवाश्मीभवन म्हणतात. अवशेष गाळात पुरले जाण्याच्या एकूण क्रियेच्या अभ्यासास रशियन पुराजीववैज्ञानिक इव्हान येफ्रेमोव्ह यांनी १९४० मध्ये ‘टॅफोनॉमी’ हे नाव दिले. हाडाचा दगड होतो ही सर्वसाधारण समजूत अंशतःच खरी आहे. पुष्कळ जीवाश्मांत हाडातील मूळ खनिज टिकून असते. मात्र त्याचे घटक व स्फटिकांची घडण बदललेली असते.

ताज्या हाडात वजनाने सु. ७०% कॅल्शियम फॉस्फेटयुक्त खनिज (ॲपेटाइट), सु. २०% कोलॅजेन हे प्रथिन व उरलेले मुख्यत्वे पाणी असते. दातावरील एनॅमल मात्र सु. ९६% खनिजाचे असून त्याचे स्फटिक मोठे व घट्ट बसलेले असतात. दात हाडांपेक्षा अधिक टिकतात ते यामुळेच.

उघड्यावर पडलेले हाड ऊन व ओलावा यांनी तडकते, त्याचे पापुद्रे सुटतात व शेवटी त्याचा भुगा होतो. केन्यातील अँबोसेली येथील निरीक्षणांवरून ॲना बेरेन्समायर यांनी १९७८ मध्ये या झिजेच्या सहा अवस्था ठरविल्या. याच काळात तरस, कुत्री, साळिंदर इ. प्राणी हाडे कुरतडतात, तर वाहते पाणी बरगड्या व मणके यांसारखी हलकी हाडे वाहून नेऊन कवट्या व जबडे मागे ठेवते. म्हणून सापडलेला अस्थिसंचय म्हणजे तेथे जगलेल्या प्राण्यांची गणती नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील माकापान्सगाट गुहेत ठराविक हाडेच जास्त आढळल्याने रेमंड डार्ट यांनी ती आद्य मानवसदृशांची हत्यारे मानली होती. सी. के. ब्रेन यांनी नामिब वाळवंटातील वस्त्यांत टाकलेली शेळ्यांची हाडे तपासली. दंडाच्या हाडाचे खालचे घट्ट टोक उरते, तर वरचे सच्छिद्र टोक कुत्री खाऊन टाकतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘निवड’ हत्यारे करणाऱ्याची नसून दातांची होती. स्वार्टक्रान्स येथील एका बालकवटीवरील दोन छिद्रे तर बिबळ्याच्या सुळ्यांशी जुळली. शिकारी समजला गेलेला प्राणी प्रत्यक्षात भक्ष्य ठरला.

हाड पुरले गेल्यावर कोलॅजेनचे सूक्ष्मजंतूंमुळे व पाण्यामुळे विघटन होते. अम्लीय मातीत खनिजही विरघळते व काहीच उरत नाही. चुनखडीयुक्त गाळात ते टिकते. रिकाम्या छिद्रांत भूजलातून कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाची ऑक्साइडे साचल्याने हाड जड होते. लोहामुळे तांबूस-तपकिरी व मँगॅनिजामुळे काळा रंग येतो. काळे हाड जळालेलेच असेल असे नाही, ही चूक वारंवार होते. ॲपेटाइट भूजलातील फ्ल्युओरीन व युरेनियम शोषून घेते.

या शोषणाचा उपयोग एका गाजलेल्या प्रकरणात झाला. इंग्लंडमधील पिल्टडाउन येथील कवटी व जबडा १९१२ मध्ये आद्य मानवाचे म्हणून जाहीर झाले होते. केनेथ ओकली यांनी १९४९ मध्ये केलेल्या परीक्षेत त्यांत फ्ल्युओरीन फारच कमी आढळले. त्याच वाळूखड्यांतील हत्तीच्या प्राचीन दातांत ते पुष्कळ होते. १९५३ मध्ये अधिक सूक्ष्म परीक्षांवरून जबडा अर्वाचीन कपीचा असून रंगवून जुना भासविलेला आहे, असे सिद्ध झाले. तो ओरँगउटानाचा होता. भूजलातील फ्ल्युओरीन स्थलपरत्वे बदलत असल्याने ही कसोटी एकाच ठिकाणच्या हाडांच्या तुलनेपुरतीच चालते.

प्राण्याचा आहार कार्बनाच्या समस्थानिकांवरून ठरवितानाही हाच धोका असतो. पुरलेल्या हाडातील कार्बोनेट भूजलातील कार्बोनेटाशी अदलाबदल करते. म्हणून एनॅमलच वापरतात. शिवालिक थरांतील घोडे, हत्ती इ. प्राण्यांच्या एनॅमलावरून सु. ८० ते ६० लक्ष वर्षांपूर्वी तेथे उष्ण प्रदेशीय गवताळ कुरणे पसरल्याचे दिसून येते.