डीएनए जुळला, तरी आरोपी सुटतो कसा?

बातमीत ‘डीएनए जुळला’ असं छापून आलं की वाचकाच्या लेखी खटला तिथेच निकालात निघतो. पुढे काही वर्षांनी तोच आरोपी निर्दोष सुटला, की एक तर पैसा चालला असणार नाहीतर वकील बेरकी असणार, असं आपण धरून चालतो. निकालपत्र वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. वाचलं तर कारण बऱ्याचदा फार रुक्ष निघतं. नमुना मधले काही दिवस कुणाच्या ताब्यात होता याची धड नोंद नसते, किंवा अहवालातला निष्कर्ष कशावरून काढला हे कुणी विचारलेलंच नसतं.

गैरसमज: डीएनए म्हणजे शेवटचा शब्द

दिल्लीच्या छावला भागातून फेब्रुवारी 2012मध्ये एका तरुणीचं अपहरण झालं. तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडून दिलं. देशभर संताप उसळला, कारण डीएनए अहवाल आरोपींच्या विरोधात होता.

निकालपत्र काय म्हणतं? नमुने 14 आणि 16 फेब्रुवारीला घेतले आणि प्रयोगशाळेकडे 27 फेब्रुवारीला पाठवले. मधल्या काळात ते पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, त्यामुळे त्यांच्याशी छेडछाड झाली नसेल असं खात्रीने म्हणता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेने वापरलेली पद्धत विश्वासार्ह होती का, ती नीट वापरली का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. 49 साक्षीदारांपैकी 10 महत्त्वाच्या साक्षीदारांची उलटतपासणीही झाली नव्हती. हा निकाल अनेकांना पटला नाही. पण न्यायालयाने त्या मुलीच्या घरच्यांना निराश केलं असं म्हणण्याआधी मालखान्यातल्या त्या अकरा दिवसांचा जाब मागायला हवा, असं मला वाटतं.

जुलै 2025मध्ये तामिळनाडूतल्या एका खटल्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने या वेळी देशभरच्या पोलिसांना नियमच घालून दिले. डीएनएच्या नमुन्यावर गुन्ह्याचा क्रमांक, कलमं, पोलीस ठाणं आणि तपास अधिकाऱ्याचं नाव हवं. नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा आणि उशीर झालाच तर कारण लिहून ठेवायचं. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. नमुना कुणाकडून कुणाकडे गेला याची नोंदवही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवायची. प्रयोगशाळेत महागडी यंत्रं आल्यावर कित्येक वर्षांनी आपण पाकिटावर काय लिहायचं ते ठरवत होतो, हे ध्यानात घ्यावं.

आणि हे सगळं चोख झालं तरी डीएनए सांगतो ते एवढंच, की हा पेशींचा अंश अमुक व्यक्तीच्या नमुन्याशी जुळतो की नाही. तो तिथे कधी आला, कसा आला, कुणी आणून टाकला, हे त्याला ठाऊक नसतं. नुसतं ‘जुळला’ म्हणणंही अपुरं आहे. असा नमुना योगायोगाने दुसऱ्या कुणाशी जुळण्याची शक्यता लाखात एक आहे की अब्जात एक, यावर त्याचं वजन ठरतं.

गैरसमज: सरकारी अहवाल आला म्हणजे सिद्ध झालं

आपल्याकडे पोलीस आणि वकील ज्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल बहुतेक वेळा त्या तज्ज्ञाला न बोलावताच वाचला जातो. तशी सोय आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329मध्ये आहे. ही सोय नसती तर मुंबईतल्या कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचा निम्मा वेळ कोर्टाच्या व्हरांड्यात गेला असता. पण याच कलमात न्यायालयाला त्यांना साक्षीला बोलावण्याचाही अधिकार आहे. आरोपीचा वकील तसा अर्ज करू शकतो. अनेक जण करत नाहीत, हा भाग वेगळा.

कायद्याच्या भाषेत तज्ज्ञ देतो ते मत. 1872च्या पुरावा कायद्यात ते कलम 45 होतं, 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 39 आहे. न्यायाधीशाने हे मत जसंच्या तसं गिळायचं नसतं. निष्कर्षामागचे शास्त्रीय निकष तज्ज्ञाने मांडावेत, म्हणजे न्यायाधीशाला स्वतःचं मत बनवता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999मध्येच सांगितलं आहे. अमेरिकेत 1993च्या डॉबर्ट निकालापासून संघीय न्यायालयांत ही चाळणी दारातच लागते. पद्धत तपासून पाहता येते का, तिच्या चुकांचं प्रमाण किती, हे न्यायाधीश आधी बघतो आणि मगच तज्ज्ञाला ज्युरीपुढे उभं करतो. आपल्याकडे ज्युरी नाही आणि अशी वेगळी चाळणीही नाही. अहवाल सहसा दाखल होतो, त्याला निशाणी क्रमांक पडतो आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा हे अंतिम युक्तिवादानंतर ठरतं. निशाणी पडणं म्हणजे शाबीत होणं नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या बातम्या वेगळ्या वाचता येतील.

गैरसमज: बोटांचे ठसे कधी चुकत नाहीत

ठशांच्या बाबतीत जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. जगातला पहिला अंगुलीमुद्रा विभाग 1897मध्ये कलकत्त्यात सुरू झाला. वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता, नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं झालं. पुढच्याच वर्षी जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून होऊन तिजोरी फोडली गेली. तिथे सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला ठसा होता आणि तो जुन्या नोकराच्या नोंदीतल्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनातून मात्र सोडलं. तो तिथे होता एवढं ठशाने सांगितलं, वार कुणी केला ते नाही. ठसे हा पुरावा अगदी नवा होता तेव्हाच्या न्यायाधीशाला ही मर्यादा कळली होती.

ठसा वाचणारा माणूसही चुकतो. 2004मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा असल्याचं एफबीआयने छातीठोकपणे सांगितलं. त्याला अटक झाली. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवल्यावर एफबीआयला माफी मागावी लागली.

गैरसमज: नार्कोत कबूल केलं की संपलं

सर्वोच्च न्यायालयाच्या 5 मे 2010च्या सेल्वी निकालाने हा मार्ग जवळजवळ बंद केला. संमतीशिवाय नार्को (औषधाच्या गुंगीत केलेली चौकशी), लाय डिटेक्टर किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येत नाही. संमतीने केली, तरी त्या अवस्थेतलं बोलणं पुरावा होत नाही. त्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर तो शोध मात्र पुराव्यात येऊ शकतो. हा निकाल यायच्या दोनच वर्षं आधी पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता आणि जगभरच्या शास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या होत्या.

गैरसमज: डॉक्टरने केलं म्हणजे शास्त्रीयच

बलात्कारपीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ कित्येक दशकं वैद्यकीय पुरावा म्हणून खपली. तिला शास्त्राचा कसलाही आधार नव्हता. ही गोष्ट पुढे आणण्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांचं काम मोलाचं आहे. ऑक्टोबर 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की यापुढे ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

गैरसमज: व्हिडिओ आहे, आणखी काय हवं?

प्रमाणपत्र हवं. मूळ फोन किंवा मूळ रेकॉर्डर न्यायालयात हजर केला तर गोष्ट वेगळी. पेन ड्राइव्हवर उतरवून आणलेल्या प्रतीला ती कशी तयार झाली याचं प्रमाणपत्र लागतंच, हे 2020मध्ये ज्या निकालाने पक्कं झालं तो जालन्यातल्या विधानसभा निवडणुकीचा वाद होता. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हे मूल्य बदलतं.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे. ही तरतूद लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणंही आता बंधनकारक आहे. तरी पंच लागतातच, आणि पंच म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी रस्त्यावरून जाणारी माणसं. उद्या पोलिसांनी तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर आधीच लिहून ठेवलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. वस्तू तुमच्यासमोर पाकिटात गेली का, सील तुमच्यासमोर लागलं का, लेबलवर तुमची सही झाली का, हे बघा. पंचनामा पूर्ण वाचून मगच सही करा. काही वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून तुम्हाला नेमकं हेच विचारणार आहेत.