भाव कळला, किंमत कळली का?

पुण्याच्या तपकीर गल्लीत पंखा घ्यावयास गेलेला गृहस्थ पूर्वी दोन-चार दुकाने पालथी घालीत असे, आणि पाय दुखू लागले की ज्या दुकानात तो उभा असेल तेथेच सौदा पटे. आता तो खिशातला स्मार्टफोन काढतो, खोक्यावरचा बारकोड टिपतो आणि पडद्यावरचा आकडा दुकानदारापुढे धरतो. घासाघीस न करता भाव उतरतो. मोजक्या पगारात महिना काढणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला ही सोय लहान नव्हे.

परंतु त्या पडद्याला ठाऊक तरी काय असते? बारकोडात किंमत नसतेच. अमेरिकेतील ट्रॉय गावच्या दुकानात २६ जून १९७४ रोजी तो प्रथम वाचला गेला, तेव्हापासून त्यातले आकडे केवळ वस्तूची ओळख सांगतात. भाव अन्यत्रून आणावा लागतो. तुलना करून देणाऱ्या अनेक ॲपचे उत्पन्न त्यांच्यामार्फत होणाऱ्या विक्रीवरील दलालीतून येते. साहजिकच गल्लीतला दुकानदार त्या यादीत बहुधा नसतो. यादीच अपुरी, मग तिच्यातला सर्वांत कमी भाव म्हणजे बाजारातला सर्वांत कमी भाव, असे कसे मानावे?

शिवाय पुढे दिसतो तो आकडा अखेरचा नसतो. पोहोचविण्याचा आकार, हाताळणीचा आकार, असे करीत तो पैसे भरण्याच्या क्षणी फुगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत ही एक आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर याच प्राधिकरणाने ओला व उबर यांना नोटिसा धाडल्या. एकाच प्रवासाला फोनच्या जातीप्रमाणे निराळे भाडे दिसते, असा आक्षेप होता. दोन्ही कंपन्यांनी तो नाकारला. परंतु आपल्याला दिसणारा भाव शेजाऱ्यालाही तोच दिसतो का, हा प्रश्न एकदा मनात आला की एकट्याने केलेल्या तुलनेवरचा विश्वास डळमळतो.

किराण्यात तर फसगत वजनातच असते. ९०० ग्रॅमचे पुडके १ किलोच्या पुडक्याशेजारी ठेवले की स्वस्त भासते. ९० रुपयांचे ते पुडके आणि ९८ रुपयांचे किलोचे पुडके यांत महाग कोणते, हे भागाकार केल्यावाचून कळत नाही. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने दर ग्रॅमची वा दर किलोची किंमत वेष्टनावर छापण्याचे बंधन घातले ते याचसाठी. ही ओळ वाचण्यास फोन लागत नाही. चष्मा मात्र लागतो, इतकी ती बारीक असते.

१९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने निराळाच मार्ग चोखाळला होता. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी आणि घाऊक खरेदीचा माल आपसांत वाटून घ्यावा. तेथेही भावांची तुलना होतच होती; पण ती करणारा ग्राहक एकटा नव्हता, आणि शेजारणीला कोणता भाव पडला हे तिलाच विचारता येत होते.