रात्री पिंजरा फडफडला तर?

दोस्तांनो, तुमच्या घरी कॉकटिएल आहे का? डोक्यावर तुरा आणि गालांवर नारिंगी ठिपके असलेला हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. दिवसभर शीळ घालणारा हा गडी कधी कधी मध्यरात्री एकदम पिंजऱ्यात धडाधड आपटू लागतो. घाबरतो हो बिचारा!

मोकळ्या माळरानावर थव्याने राहणाऱ्या या पक्ष्याला धोका वाटला, की एकच सुचतं : भुर्रकन उडून जायचं. गाडीच्या दिव्याचा झोत, फटाका, भिंतीवरची पाल, खिडकीतली मांजर, एवढंसं कारणही पुरतं. पण अंधारात त्याला नीट दिसत नाही आणि पिंजऱ्यात उडायला जागा नसते. मग तो तारांवर आदळतो. नव्याने फुटणाऱ्या पिसात रक्त असतं. ते पीस मोडलं, तर रक्त वाहू लागतं.

अशा वेळी त्याला पकडायला धावू नका. त्याला वाटेल, शत्रूच आला! आधी मंद दिवा लावा. थोडं लांब उभं राहून, नावाने हाक मारत हळू आवाजात बोला. तो दांडीवर येऊन शांत बसला, की पंख नीट पाहा. रक्त दिसलं, तर आईबाबांना उठवा. स्वच्छ कापसाने त्यांनी हलकेच दाबून धरावं. रक्त थांबत नसेल, तर लगेच पशुवैद्यांकडे न्यावं.

रोज रात्री पिंजऱ्याजवळ एक छोटा दिवा राहू द्या. आणि दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत हलवायला विसरू नका हं!