जुन्या लुगड्यांचीं दीपछत्रें

गेल्या वर्षीं वैशाखांत माकुणसारच्या घरीं आम्ही तिघी जावा जमलों, तेव्हां कैलासवासी सासूबाईंची पत्र्याची पेटी उघडण्याचा प्रसंग आला. आंत एक हिरवी पैठणी, दोन महेश्वरी लुगडीं, खणाचे तुकडे आणि एका डब्यांत रुखवताच्या मोडक्या तोरणाचे कांचमणी निघाले. "बोहारणीला देऊं, दोन पातेलीं तरी येतील," असें धाकट्या जाऊबाई म्हणाल्या मात्र, थोरल्या जाऊबाईंचे डोळे भरून आले. मीं दिव्याच्या छत्र्या करण्याचें सुचविलें, तर त्यांना तेंही रुचेना. "ज्या वस्त्राला त्यांचा हात लागला, त्याला कात्री कशी लावूं?" हा प्रश्न कांहीं थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता.

शेवटीं असें ठरलें कीं, जें धड आहे तें कापावयाचें नाहीं. पैठणी धड होती, फक्त घड्यांवर विरूं लागली होती. तिची घडी मोडून, मलमलींत गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीवर ती आम्ही तशीच ठेवली. महेश्वरी लुगडीं मात्र जागोजाग फाटलीं होतीं. कात्री लागली ती त्यांनाच.

कापड निवडतांना भगिनींनीं डोळ्यांवर विश्वास ठेवूं नये. तें पेटलेल्या दिव्यापुढें धरून पाहावें. दिवसा झळाळणारी जर दिव्यापुढें काळी दिसते! कारण जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोंवतीं गुंडाळलेली धातूची चपटी तार. तिच्यांतून उजेड आरपार जाणार कसा? म्हणून जरीचे कांठ आम्ही छत्राच्या वरच्या व खालच्या कडेलाच लावले, मध्यें लुगड्याचें विरळ अंग ठेवलें. दाट विणीचा खण या कामीं अगदींच निरुपयोगी ठरला.

सांगाडा तारेचा. दोन कड्या व त्यांना जोडणाऱ्या सहा काड्या. त्यांवर सुती फीत घट्ट गुंडाळली कीं टांका घेण्यास जागा होते. कापड उरेब कापावें, म्हणजे तें गोलाईवर सुरकुती न पडतां बसतें. जुन्या कापडाला ताण सोसत नाहीं, यास्तव त्याच्या पाठीशीं तसेंच उरेब कापलेलें पांढरें मलमल आधीं धावदोऱ्यानें जोडून घ्यावें. आमची चूक झाली ती तारेंत. साधी लोखंडी तार वापरली, आणि आमच्या गांवाला समुद्र जवळ! पावसाळा सरतांना पहिल्या छत्रावर तांबेऱ्याचे डाग उमटले व तें उसवावें लागलें. दुसरें पितळी तारेवर केलें.

मण्यांच्या कामांत मात्र मन खरें रमतें. एकोणिसाव्या शतकांत व्हेनिसकडचे कांचमणी मुंबईच्या बाजारांतून सौराष्ट्रांत जात आणि काठी लोकांच्या घरीं त्यांचें मोतीभरत होई. आमच्या डब्यांतले मणी कोठले, हें सांगावयास आतां घरांत कोणी उरलें नाहीं. रिठ्याच्या कोमट पाण्यांत धुतांच कित्येकांचा रंग सुटला. ते बाजूला काढले. झालर करतांना मेण लावलेला दुहेरी दोरा फितींतून काढावा, वीस मणी ओवावे, शेवटचा मणी वगळून सुई त्याच वाटेनें परत वर न्यावी व तेथेंच गांठ मारावी. प्रत्येक लडीला निराळी गांठ हवी; नाहींतर एक दोरा तुटतांच सारी झालर जमिनीवर.

आंत जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब कदापि नको. त्याच्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेंत जातो आणि तें रेशीम करपवतो. पांच-सात वॅटचा एलईडी पुरे, तोही कापडापासून चार बोटें दूर. आमच्या उत्तरेस तारापूरला १९६९ सालीं देशांतली पहिली अणुवीज निर्माण झाली, याचा घरच्या पुरुषमंडळींना मोठा अभिमान. पण छत्राखालीं वाचावयास बसल्यावर उजेड पिवळा पडतो, ही तक्रारही त्यांचीच.

एक छत्र थोरल्या जाऊबाईंच्या खोलींत आहे. दुसरें धाकट्या जाऊबाईंनीं हट्टानें बोरिवलीस नेलें. परवां त्यांचा फोन आला, दोन लडी तुटल्या आहेत, निळे मणी पाठवा म्हणून. डब्यांत मोजून पाहिले, अकराच उरले आहेत.