उरलेल्या बासुंदीचा हिशेब

पौर्णिमेला नृसिंहवाडीत दत्तदर्शनाला गर्दी लोटते, त्या अंदाजाने पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी जास्तीची करावी लागते. पण कृष्णा-पंचगंगेला पाणी चढले की भाविक येत नाहीत, आणि बासुंदी काही पेढ्यासारखी टिकत नाही. हा चांगला माल वेळेत कुणाच्या मुखी लागावा, यासाठी कायदा काय करतो? जवळजवळ काहीच नाही. 2017च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम 17(5) नष्ट झालेला माल आणि भेट दिलेला माल एकाच उपकलमात बसवते. दोन्हींवर आधी भरलेल्या कराचे क्रेडिट जाते. आयकरातही देणगीची वजावट पैशाला आहे, वस्तूला नाही. म्हणजे गटारात ओतले काय नि भुकेल्याला दिले काय, हिशेब सारखाच. उलट देणाऱ्याला गाडीभाडे वेगळे पडते. फ्रान्समध्ये मात्र दान दिलेल्या अन्नाच्या मूल्याच्या 60 टक्के रक्कम, ठरावीक मर्यादेत, करातून वजा होते.

अशी सवलत इथेही दिली, तर तिच्यापोटी शिळे अन्न गरिबांच्या माथी मारले जाईल, ही भीती रास्त आहे. त्यासाठीच अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) 2019चे अतिरिक्त अन्नवाटपाचे नियम आहेत. सवलत ते पाळणाऱ्यांनाच द्यावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मुळात क्रेडिटच मिळत नाही. त्याच्यासाठी ग्रामपंचायतीने शीतपेटी आणि वाहनाची सोय केली, तर ती करसवलतीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. मोठ्या विक्रेत्यांसाठी जीएसटी परिषदेने नोंदणीकृत संस्थांना दिलेले अन्न कलम 17(5) मधून वगळण्याची शिफारस करावी.