बिनगिअरची सायकल : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

निर्मल हे तेलंगणातील, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि 2016 च्या ऑक्टोबरपासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झालेले गाव आहे. पोनिकी लाकडाची खेळणी घडविणाऱ्या कारागिरापासून कचेरीतील शिपायापर्यंत अनेकांनी येथे वर्षानुवर्षे काळ्या दांडीची, एकाच गतीची सायकल चालविली. तिच्याच कुळातील, परंतु रंगीत सांगाड्याची आणि बारीक टायरांची तयार सायकल आता तरुणांच्या नजरेत भरू लागली आहे, आणि तिच्याविषयी परस्परविरुद्ध समजुती एकाच घरात नांदताना आढळतात. वडीलधाऱ्यांना बिनगिअरची सायकल ही गिअरची सायकल न परवडणाऱ्याची सोय वाटते. मुलांना तीच वस्तू परदेशी छायाचित्रांमुळे ऐटीची वाटते. आणि पैसे मोजण्यापूर्वी ज्या तीन-चार गोष्टींची खातरजमा करावयास हवी, तिकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष होते. माझे मत आरंभीच सांगतो. या मुलखात रोजच्या वापरासाठी एका गतीची सायकल उत्तम होय. मात्र ती फ्रीव्हीलची असावी, तिला दोन ब्रेक असावेत, आणि तिचे टायर गावात मिळणारे असावेत.

सर्वांत प्रचलित गैरसमज असा की, एका गतीची सायकल आणि ‘फिक्स गिअर’ची सायकल या एकच. दोन्हींना पुढे एक आणि मागे एक दातेचक्र असते, एवढ्यापुरते साम्य खरे. भेद मागच्या चक्राच्या पोटात आहे. साध्या सायकलीच्या मागील चक्रात फ्रीव्हील असते, म्हणजे आतल्या खाचांत अडकणारे लहान खटके असे बसविलेले असतात की पायडल पुढे मारताच ते खाचेत रुततात आणि पाय थांबताच सुटून चाकाला मोकळे फिरू देतात. उतारावर ऐकू येणारी टिकटिक ती हीच. फिक्स गिअरमध्ये हे खटके नसतात. दातेचक्र चाकाच्या तुंब्यावर थेट आवळलेले असते, त्यामुळे चाक फिरते तोवर पायडल फिरते आणि पायडल फिरते तोवर पायही फिरले पाहिजेत. जॉन केम्प स्टार्ली यांनी 1885 साली इंग्लंडात ‘रोव्हर’ ही आजच्या रूपाची सायकल बाजारात आणली, त्या वेळी बहुतेक सर्व सायकली अशा बांधलेल्या होत्या, आणि फ्रीव्हीलचा सर्रास प्रसार होण्यास 1900 चा सुमार उजाडावा लागला. आपल्याकडील काळी सायकल ही या सुधारणेनंतरची असल्यामुळे, गिअर नसले तरी तिला फिक्स म्हणणे चूक आहे.

हा भेद केवळ पारिभाषिक नव्हे. तयार मिळणाऱ्या फिक्स सायकलींत पुढे 46 आणि मागे 16 दाते अशी जोडी पुष्कळदा आढळते. बारीक टायरांसह तिचे पायडल एक फेरा पूर्ण करते तेव्हा सायकल सुमारे 6.2 मीटर पुढे जाते. निर्मलहून आदिलाबादच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग 44 लगतचा महबूब घाट लागतो. तेथील उतारावर सायकलने ताशी 40 किलोमीटरचा वेग घेतला, तर या जोडीच्या स्वाराचे पाय मिनिटाला सुमारे 107 फेऱ्यांनी फिरतील, त्याची इच्छा असो वा नसो. फ्रीव्हीलचा स्वार त्याच उतारावर पाय स्थिर ठेवून दोन्ही ब्रेकांवर लक्ष देऊ शकतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर वा ओढणी साखळीत अडकली, तर फ्रीव्हीलवर पाय थांबविताच साखळी थांबते. फिक्सवर मात्र धावत्या चाकाबरोबर साखळी वस्त्र ओढीतच राहते. ज्या घरात एकच सायकल अनेकांच्या हाती जाते, तेथे फिक्स सायकल, आणि तीही साखळीवर पूर्ण आच्छादन नसलेली, आणू नये, हे मी निःसंदिग्धपणे सांगेन.

दुसरी समजूत अधिक घातक आहे. पाय मागे रेटून चाक थांबविता येते, म्हणून फिक्स सायकलीला ब्रेकची गरज नाही, असे म्हटले जाते, आणि त्याच्या समर्थनार्थ शर्यतींचा दाखला देतात. एडी मर्क्स या बेल्जियन स्वाराने 1972 साली मेक्सिको शहरात एका तासात 49.431 किलोमीटर अंतर कापले, ते बिनब्रेकच्या फिक्स सायकलवरच. परंतु ते बंदिस्त धावपट्टीवर, जेथे समोरून वाहन येत नाही, म्हैस आडवी जात नाही आणि कोणी एकाएकी थांबत नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील अथवा पुण्याच्या बालेवाडीतील धावपट्टीचा नियम निर्मलच्या बसस्थानकासमोरच्या रस्त्याला लावणे म्हणजे आखाड्यातील डाव बाजारपेठेत खेळण्यासारखे आहे.

यामागील कारण यांत्रिक आहे. सायकल थांबू लागली की स्वाराचे व सायकलीचे वजन पुढच्या चाकावर ढकलले जाते आणि मागचे चाक हलके होते. हलके झालेले चाक रस्ता धरून ठेवू शकत नाही, घसरते. म्हणून केवळ मागच्या चाकाने, मग ते ब्रेकने असो वा पायांनी, थांबावयाचे झाल्यास पुढच्या चांगल्या ब्रेकच्या तुलनेत साधारणतः दुप्पट अंतर लागते. ब्रिटनमधील 1983 च्या नियमावलीने रस्त्यावरील सायकलीस दोन स्वतंत्र रोधयंत्रणा आवश्यक ठरविल्या, फिक्स चाक ही त्यांपैकी एक मानली, आणि परिणामी पुढचा ब्रेक अनिवार्य झाला. हा नियम धाब्यावर बसविल्याचे पर्यवसान कशात होते ते 2016 साली लंडनमध्ये दिसले. पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स सायकलीच्या धडकेने एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला आणि पुढील वर्षी त्या तरुण स्वारास 18 महिन्यांची शिक्षा झाली. विक्रेता ब्रेक ‘जादा सामान’ म्हणून निराळ्या किमतीस देऊ करीत असेल, तर ती किंमत सायकलीच्या किमतीतच धरून हिशेब करावा.

काही तयार सायकलींच्या मागच्या तुंब्याला दोन्ही अंगांनी दातेचक्र बसते, एका अंगास फ्रीव्हील आणि दुसऱ्या अंगास फिक्स चक्र, आणि चाक काढून उलटे बसविले की प्रकार बदलतो. दोन्हींचा अनुभव घेऊ पाहणाऱ्यास ही उत्तम व्यवस्था आहे. परंतु दोन्ही अंगे सारखीच आहेत असे समजून फ्रीव्हीलच्या आट्यांवर फिक्स चक्र आवळणारे महाभाग आहेत. ते तेथे बसतेही, कारण आटे जुळतात. खऱ्या फिक्स अंगावर मात्र चक्राच्या बाहेर आणखी एक, उलट दिशेच्या आट्यांची कडी असते, आणि पाय मागे रेटताना चक्र उकलू लागले तर ही कडी त्याला अडविते. ती नसेल तर ऐन थांबण्याच्या क्षणी चक्र मोकळे होण्याचा संभव असतो. सायकल पाहताना ही कडी बोट लावून पाहावी.

आता वडीलधाऱ्यांच्या समजुतीकडे वळू : गिअर नाहीत म्हणजे सायकल दुय्यम, चढावर निरुपयोगी. 1903 साली सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध शर्यतीत प्रमुख स्पर्धकांना धावत्या सायकलीवर गिअर बदलण्याची मुभा 1937 पर्यंत नव्हती. 1910 साली ही शर्यत पिरेनीज पर्वताच्या उत्तुंग घाटांतून नेण्यात आली तेव्हाही स्वार खाली उतरून, मागचे चाक उलटे करून, दुसऱ्या अंगाचे दातेचक्र वापरीत. यावरून प्रत्येकाने घाट चढावा असे मी सुचवीत नाही. सायकल चढते की नाही हे गिअरच्या संख्येवर नव्हे, तर दात्यांच्या प्रमाणावर ठरते, एवढेच यातून घ्यावयाचे.

हे प्रमाण दुकानात उभ्या उभ्या मोजता येते. पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील आणि चाक काळ्या सायकलीचे असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर अंतर पडते, आणि मिनिटाला 60 फेऱ्या या निवांत चालीने ताशी 19 ते 20 किलोमीटरचा वेग मिळतो. निर्मलहून दक्षिणेस सोनच्या गोदावरी-पुलाकडे वा पश्चिमेस भैंशाकडे रोज जाणाऱ्यास एवढा वेग पुरेसा आहे. मागे ओझे बांधावयाचे असेल किंवा वाटेत चढ असेल, तर मिस्त्रीकडून 18 ऐवजी 20 दात्यांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. प्रत्येक फेऱ्याचा भार दहा टक्क्यांनी हलका होतो आणि खर्च किरकोळ येतो. महबूब घाटाच्या खड्या चढावर मात्र ताशी आठ किलोमीटरच्या गतीने जाताना या जोडीवरही पाय मिनिटाला जेमतेम 27 फेऱ्या घेतील, आणि गुडघ्यांवर येणारा ताण पाहता तेथे उतरून चालणे शहाणपणाचे. ज्याचा रस्ता रोज त्या घाटातूनच आहे, त्याने खुशाल गिअरची सायकल घ्यावी.

पण तीही घेताना ‘21 गिअर’ या आकड्याला भुलू नये. पुढे 24, 34, 42 आणि मागे 14 ते 28 दात्यांची सात चक्रे अशी जी स्वस्त रचना सर्वत्र दिसते, तीत 24 ला 14, 34 ला 20 आणि 42 ला 24 या तीन जोड्यांचे फळ जवळजवळ एकच, सुमारे 1.7 येते. एकवीस आकड्यांच्या आड निराळ्या गती त्याहून बऱ्याच कमी असतात, आणि त्यांच्यासाठी दोन तारा, दोन खटके आणि साखळी सरकविणारी दोन यंत्रे यांची देखभाल पत्करावी लागते. अत्यंत स्वस्त गिअरच्या सायकलीत हीच अंगे प्रथम बिघडतात. तेवढ्याच पैशांत एका गतीची सायकल घेतल्यास ती रक्कम चाकांत, ब्रेकांत आणि छऱ्यांच्या वाट्यांत गेलेली असते.

टायरांच्या आकड्यांविषयीचा घोटाळा गावाकडील ग्राहकास सर्वांत अधिक छळतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘28 चे चाक’ असे सांगितले की एकच माप असेल असे वाटते. वास्तविक काळ्या सायकलीचे 28 × 1½ हे टायर 635 मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसते, आणि नव्या बारीक सायकलीचे 700सी म्हणून ओळखले जाणारे टायर, जे तितक्याच मोकळेपणाने 28 इंची म्हणविले जाते, ते 622 मिलिमीटरच्या रिमवर बसते. तेरा मिलिमीटरचा हा फरक बळाने भरून काढता येत नाही. 26 इंचांतही तोच प्रकार : 26 × 1⅜ चे रिम 590 मिलिमीटरचे, तर 26 × 1.95 सारख्या दशांशात लिहिलेल्या रुंद टायरचे 559 चे. म्हणून टायरच्या कडेवर उठविलेला 37-622 किंवा 40-635 अशा धर्तीचा जोडआकडा वाचावा. त्यातील दुसरी संख्या हेच खरे माप. मग ती घेऊन आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे जावे आणि या मापाचे टायर-ट्यूब त्याच्याकडे आहेत का, नसल्यास किती दिवसांत येतील, असे विचारावे. 28 × 1½ चे सामान खेड्यापाड्यांत मिळते, कारण मद्रासजवळ अंबत्तूरला 1949 साली सुरू झालेला टी. आय. चा कारखाना, सोनिपतची 1951 ची ‘अ‍ॅटलस’ आणि लुधियान्याची 1956 ची ‘हीरो’ या सर्वांनी एकाच इंग्रजी नमुन्यावर सायकली बांधल्या आणि एकीचे बहुतेक सामान दुसरीस चालते. 700सी चीच सायकल घ्यावयाची असेल तर टायर निदान 32 मिलिमीटर रुंदीचे असावेत आणि एक जादा ट्यूब घरी असावी. 23 मिलिमीटरचे टायर खडीच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर रिमलाही वाचवीत नाहीत.

पोलादी सांगाडा म्हणजे हलक्या प्रतीचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा म्हणजे श्रेष्ठ, ही समजूतही पुनर्विचारास पात्र आहे. स्वस्त किमतीत पोलाद काहीसे जड पडते, हे मान्य; पण ते वाकले वा चिरले तर गावातील वेल्डिंगवाला ते सांधू शकतो, जे बारीक नळीच्या अ‍ॅल्युमिनियमबाबत सहसा शक्य होत नाही. रिमचे गणित याच्या नेमके उलट आहे. चकचकीत पोलादी रिम पावसात भिजले की रबरी ब्रेकची पकड फार घटते, अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या रिमवर ती पुष्कळ अंशी टिकते. तेव्हा सांगाडा पोलादी आणि रिम मिश्रधातूचे, ही जोडी माझ्या मते मर्यादित खर्चात सर्वांत हितावह. आणि पोलादी रिमचीच सायकल असेल तर आषाढ-श्रावणात थांबण्याचे अंतर आधीपासून राखावे.

राहता राहिली ‘तयार’ सायकल तयारच असते ही कल्पना. खोक्यातून येणारी सायकल अर्धीमुर्धी जोडलेली असते, आणि ती पुरी जोडताना दोन चुका वारंवार होतात. पुढचा चिमटा उलटा, म्हणजे त्याचा बाक सांगाड्याकडे करून बसविला जातो. आणि डाव्या पायडलचे आटे उलट दिशेचे असतात हे ध्यानी न घेता उजवे पायडल डावीकडे जोराने आवळून क्रँकचे आटे कायमचे खराब केले जातात. पायडलच्या आसावर कोरलेली डाव्या-उजव्याची खूण पाहून मगच पाना लावावा. साखळी मधोमध बोटाने दाबली असता सुमारे अर्धा इंच हलावी. उंचीचेही पाहावे : काळ्या सायकलींच्या बाबतीत 22 वा 24 इंच हा आकडा चाकाचा नसून सांगाड्याचा असतो, आणि पादत्राणे घालून, दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभे राहिल्यावर दोन-तीन सेंटिमीटर मोकळीक उरेल असाच सांगाडा निवडावा. ‘मुलगा वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेणारे पालक त्या मुलाला दोन वर्षे असुरक्षित ठेवतात.

सायकलीवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावती मागताना कराची ओळ पाहावी आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक त्या पावतीवर लिहून घ्यावा. सायकल चोरीस गेल्यास पोलीस ठाण्यात त्याचाच उपयोग होतो. नव्या चाकाचे आरे पहिल्या काही आठवड्यांत ताण सोडून सैल पडतात, म्हणून महिन्याभराने सायकल एकदा मिस्त्रीकडे नेऊन आरे कसून, चाकाचा आऊट काढून घ्यावा.