गोचीड ताप: मागच्या वेळी लागू पडलेले इंजेक्शन यंदा का चालले नाही?

संगमनेर तालुक्यातील दुधाचा धंदा मुख्यतः संकरित गाईंवर उभा आहे. या गाई दूध जास्त देतात, पण देशी गाईंपेक्षा गोचीड तापाला लवकर बळी पडतात. त्यातच मागच्या वेळी ज्या इंजेक्शनने गाय उठली, त्याने यंदा फरक पडला नाही, असा अनुभव तुम्हाला आला असेल. त्याची कारणे समजून घ्या.

ताप एक, रोग तीन

थायलेरिया, बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा हे तिन्ही रोग गोचिडामुळे पसरतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. थायलेरियात 104 ते 106 अंश फॅरनहाइट ताप येतो, खांद्यापुढील गाठी सुजतात, दूध एकदम घटते. बबेसियात लघवी कॉफीसारखी लाल होते. नुसत्या लक्षणांवरून अंदाज चुकू शकतो.

गोचिडाच्या पोटात होणारा संकर

थायलेरिया पसरवणारा हायलोमा गोचीड अंड्यातून निघतो तेव्हा त्याच्यात हा परजीवी नसतो. लहान अवस्थेत बाधित गाईचे रक्त पिताना तो परजीवी घेतो आणि कात टाकून मोठा झाला की पुढच्या गाईला देतो.

एकाच गाईच्या रक्तात थायलेरियाचे अनेक वाण असू शकतात. परजीवीच्या नर आणि मादी पेशींचे मीलन गोचिडाच्या आतड्यात होते. दोन वाण तिथे एकत्र आले, तर पिकात होतो तसा त्यांचा संकर होतो आणि नव्या गुणांचा परजीवी तयार होतो. म्हणून एकाच गोठ्यातही हा परजीवी सगळा सारखा नसतो.

औषधावर होणारा परिणाम

थायलेरियावर बुपारव्हाक्वोन हे प्रमुख औषध आहे. ट्युनिशिया आणि इराणमध्ये या औषधाला दाद न देणारे वाण आढळले असून त्यांच्या एका जनुकात बदल दिसला आहे. मात्र औषध चालले नाही म्हणजे असाच वाण आहे, असे लगेच समजू नका. चुकीचे निदान, उशीर किंवा कमी मात्रा हीही कारणे असतात.

काय करावे?

- उपचारापूर्वी रक्ताची काचपट्टी तपासून घ्या.
- औषध पशुवैद्यकाकडून, गाईच्या वजनानुसार पूर्ण मात्रेत आणि ताप येताच द्या. अर्धी मात्रा देऊन वाट पाहू नका.
- बरी झालेली गायही परजीवीची वाहक राहू शकते. तिच्या अंगावर गोचीड राहू देऊ नका.
- गोचीड चिकटल्यानंतर थायलेरिया संसर्गक्षम व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणून कान, कास, शेपटीखालचा भाग रोज तपासा. काढलेले गोचीड जाळून टाका.
- हायलोमा गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत अंडी घालतो. भेगा बुजवा, चुना मारा. फवारणी जनावरावर आणि गोठ्यात एकाच वेळी करा.
- नवीन गाय आणल्यास रक्त तपासेपर्यंत वेगळी बांधा. बाहेरून येणाऱ्या गाईबरोबर नवा वाणही येऊ शकतो.
- थायलेरियाची लस संकरित वासरांना कधी द्यायची, हे पशुवैद्यकाला विचारा. लस रोगाची तीव्रता कमी करते, गोचीड मारत नाही.

परजीवीचे वाण बदलणे तुमच्या हातात नाही, पण गाय आणि गोचीड यांची साखळी तोडणे नक्कीच आहे. आजच गोठ्यातील भेगा पाहा.